चित्त्याच्या नखाला दुधाची आंघोळ

कामाच्या आठवणी साधारणपणे काम संपल्यावर लिहितात. माझं काम अजून चालू आहे आणि माझं वय तेवीस आहे. पण आमच्या कॉलेजच्या मराठीच्या मॅडम दिवाळी अंकाचं बघतात, त्यांनी "तू लिहीच" असं तीनदा सांगितलं आणि मला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणता न येणं हाच माझ्या कामातला मुख्य दोष आहे. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं त्या एका दोषातून घडलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांची माझ्याकडून फार अपेक्षा राहणार नाही.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेसाठी मी नमुने गोळा करते. नामशेष झालेले प्राणी जनुकांमध्ये फेरफार करून परत आणता येतील का, याचा तिथे अभ्यास चालतो. केडगावजवळ आमचा शेवंतीचा मळा आहे आणि कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे माझी नोकरी चांगली की वाईट, हे मोजायला घरात कोणाकडे माप नाही. पाहुण्यांनी विचारलं की आई सांगते, "मेलेल्या जनावरांच्या हापिसात हाय." मी बराच विचार करून बघितला, पण यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलेलं नाही.

काम काय असतं ते थोडक्यात सांगते. आपल्याकडचा चित्ता नाहीसा झाला. आफ्रिकेतून आणलेले चित्ते त्याचे भाऊबंद आहेत, पण ते तो नाहीत. प्राण्याच्या अंगाच्या कणाकणात त्याचं सगळं लिखाण असतं. कान केवढा, ठिपका कुठे, पळायचं कसं, सगळं. प्राणी मेला की ते लिखाण फाटायला लागतं, पण कातडं, दात, नख यांत त्याचे तुकडे बरीच वर्षं टिकतात. असे पुष्कळ तुकडे जमवायचे, एकापुढे एक लावून मूळ मजकूर वाचायचा, मग जिवंत भाऊबंदाच्या पेशीत जिथे अक्षर वेगळं असेल तिथे ते बदलायचं, आणि त्या पेशीपासून पुढेमागे पिल्लू करायचं. यातली शेवटची पायरी अजून कोणाला नीट जमलेली नाही. पहिली मला जमलेली नाही.

माझी पायरी म्हणजे फाटके तुकडे शोधणं. आपल्या भागात पूर्वी मोकळा माळ होता, काळवीट होते, त्यामागे चित्ताही असायचा असं म्हणतात. म्हणून दौंड आणि शिरूर हे दोन तालुके माझ्या वाट्याला आले. मी स्कूटीवरून गावोगाव जायचं आणि विचारायचं, तुमच्या घरात जुनं कातडं, दात, नख काही आहे का? यात एक अवघड गोष्ट अशी की अशी वस्तू कागदपत्रांशिवाय घरात ठेवणं कायद्यात बसत नाही. प्रयोगशाळेने वनखात्याची परवानगी काढली होती. नमुना घ्यायचा, आणि वस्तू खरी निघाली तर घरच्यांनी ती वनखात्यात जमा करायची. हे मला दारात उभं राहून, पाणी प्यायच्या आधी सांगावं लागायचं. पुष्कळ ठिकाणी त्यामुळे पाणीच मिळालं नाही.

समजावून सांगायला मला एकच उदाहरण सापडलं होतं, गाई भरवण्याचं. दुधाच्या भागात डॉक्टर येतो, नळकांड्यातून वळूचं बीज सोडून गाय भरवतो, हे सगळ्यांना माहीत. एका पारावर मी तेच सांगत होते तर एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "मग पिल्लू कुणाच्या पोटात वाढवायचं?" मी म्हटलं, आफ्रिकेतल्या चित्तिणीच्या. ते म्हणाले, "आन् भरवायच्या वक्ताला तिचे पाय कोण धरनार? तू?" त्या दिवशी सभा तिथेच संपली.

पण बहुतेक ठिकाणी सभा दुसऱ्या एका वाक्यावर संपायची. भीमेच्या दोन्ही काठांना ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. शेळ्या जातात, वासरं जातात, माणसं काठी आणि बॅटरी घेतल्याशिवाय पाण्याची मोटार चालू करायला जात नाहीत. तिथे जाऊन मी सांगायची की नाहीसं झालेलं एक शिकारी जनावर परत आणायचं चाललं आहे. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ताई, आधी हाय ती घेऊन जा, मग न्हाई ती आना." हे मी जाऊन सरांना विचारलं. सर म्हणजे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, फार कमी बोलतात. ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे," आणि परत सूक्ष्मदर्शकात बघायला लागले.

पहिल्या वर्षात मला मिळालेल्या वस्तूंबद्दल फार लिहीत नाही. एक वाघाचा दात मिळाला होता, त्याला बारीक ड्रिल लावल्यावर प्लास्टिक जळाल्याचा वास आला. पाटसकडच्या एका घरात कातडं आहे म्हणून गेले तर ते सोफ्याचं कव्हर होतं. एका गृहस्थांनी वारलेल्या खिलार बैलाचा फोटो दिला आणि यावरून होईल का म्हणून विचारलं. होणार नाही, हे मला तोंडावर सांगता आलं नाही. मी फोटो ठेवून घेतला. तो अजून माझ्याकडे आहे आणि त्यांचा फोन अजून येतो.

मग आप्पांचं नख मिळालं.

शिरूर तालुक्यात, भीमेच्या पलीकडेच, उसाच्या पट्ट्यात त्यांची वस्ती आहे. गावापासून दोन किलोमीटर, तिन्ही बाजूंना ऊस आणि समोर रस्ता. आप्पा सत्तरीतले, एकेकाळी दूध सोसायटीचे चेअरमन, अजूनही गावात सगळे त्यांना चेअरमनच म्हणतात. आप्पांची बायको वारलेली. मुलगा रांजणगावला कंपनीत शिफ्टला, तिथेच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. वस्तीवर आप्पा, सून रोहिणी, अडीच वर्षांची नात आरू आणि सहा संकरित गाई.

नख आरूच्या गळ्यात होतं. काळ्या दोऱ्यात, चांदीच्या टोपणात बसवलेलं, चंद्रकोरीसारखं वाकडं. आप्पांच्या आजोबांनी माळावर भाल्याने चित्ता मारला, त्याचं ते नख. तेव्हापासून घरातल्या पहिल्या मुलाच्या गळ्यात ते पाच वर्षांपर्यंत घालतात. आप्पांनी घातलं, त्यांच्या मुलाने घातलं. पुढे त्याला मुलगी झाली तेव्हा भावकीतले म्हणाले की नख मुलीला घालायची रीत नाही. आप्पा म्हणाले की चित्ता मेलेला आहे, त्याला काय कळतंय मुलगा का मुलगी, आणि बाराव्या दिवशी नातीच्या गळ्यात बांधून मोकळे झाले. हे मला रोहिणीने सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज मऊ झाला होता.

पण त्याच नखाने तिला अडकवून ठेवलं होतं. उसातला बिबट्या दोनदा गोठ्यापर्यंत आला होता. तिला पोरीला घेऊन रांजणगावला नवऱ्याकडे जायचं होतं. नवऱ्याची ना नव्हती, पण आप्पांपुढे बोलायची त्याची टाप नव्हती. आप्पांचं म्हणणं एकच, ज्याच्या गळ्यात हे नख त्याच्या वाऱ्याला जनावर उभं राहत नाही. पोरगी इथे आहे तोवर पोरगीच काय, वस्तीही सुरक्षित आहे. जायचं काय कारण?

पहिल्या दिवशी मी कायद्याचं सगळं सांगून झाल्यावर रोहिणी मला गाडीपर्यंत सोडायला आली. आरू तिच्या कमरेवर होती. ती हळू आवाजात म्हणाली, "खरं निघालं तर जमा होईल आणि खोटं निघालं तर आप्पाच उतरवतील. कसंही असलं तरी आमची सुटका हाय. तू फक्त लवकर आण."

मी आणते म्हटलं. हे मात्र मी अगदी लगेच म्हटलं.

नमुना घ्यायला गेले त्या दिवशी मी पूर्ण तयारीने गेले होते. हातमोजे, मास्क, डोक्याला टोपी. नखावर आपला घाम, थुंकी, श्वास काही लागू द्यायचं नसतं, नाहीतर यंत्र जुनं लिखाण सोडून आपलंच वाचतं. आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले की ऑपरेशन आहे का. मग म्हणाले, "नख उतरवायचं म्हंजी असंतसं न्हाई. आधी त्याला आंघूळ."

ओट्यावर पाट मांडला होता. पितळी तांब्यात नुकतंच काढलेलं गाईचं दूध, त्यावर फेस अजून तसाच. हळद, कुंकू. दोरा सोडून नख ताटलीत ठेवलं आणि आप्पा म्हणाले, "ताई, तुम्ही घाला. कुवारीच्या हातचं चांगलं."

मला त्या क्षणी काय बोलायला हवं होतं ते मला पाठ आहे. आप्पा, नमुना घेऊ द्या, मग आंघोळ घालू. एवढंच. पण त्यांनी मान दिला होता, रोहिणीने तोवर माझ्यासाठी रांगोळीचं बोटही ओढलं होतं, आणि मी हातमोजे घातलेल्या हातांनी तांब्या उचलला. नखावर घाण लागू नये म्हणून घातलेल्या त्या हातमोज्यांनी मी नखावर अर्धा लिटर दूध ओतलं. नंतर हळद लावली. मास्क मात्र शेवटपर्यंत काढला नाही.

मग पुसून, वरवर खरवडून मी भुकटी नळीत भरली. आत खोल ड्रिल करायला हवं होतं, पण नखाला भोक पडेल म्हणून आप्पांचा जीव वरखाली होत होता, म्हणून तेही केलं नाही. दहा मिनिटांत नख परत आरूच्या गळ्यात गेलं. फॉर्मवर एक रकाना असतो, 'नमुन्याला अलीकडे काय लागले आहे'. आप्पा शेजारी बसून वाचत होते. त्यांच्या देवाच्या दुधाला मी 'लागले आहे' कसं म्हणू? मी लिहिलं, 'काही नाही'.

सरांनी नखाचा फोटो बघितला तेव्हा त्यांच्या कपाळावर एक आठी आली. चित्त्याची नखं कुत्र्यासारखी बोथट असतात. हे मला परीक्षेत आलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. प्रत्यक्षात चंद्रकोरीसारखं नख समोर आलं तेव्हा आठवलं नव्हतं. पण पुढच्या पायाच्या अंगठ्याचं नख वाकडं आणि टोकदार असतं, ते असू शकेल, असं सर म्हणाले आणि नमुना यंत्राकडे गेला. तीन आठवडे मी हवेत होते. घरी आईला सांगितलं की आपल्या भागातला पहिला चित्ता बहुतेक मला सापडला. आईने विचारलं की मेलेला ना? मग म्हणाली, जेवून घे.

निकाल आला, गाय.

सरांनी मला बोलावलं नाही, फक्त मेसेज केला, 'यात गाय कुठून आली? भेट.' आणि इथे मी ते केलं ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी भेटले नाही. पोट दुखतंय म्हणून कळवलं आणि तीन दिवस मळ्यात शेवंती तोडत बसले. मला कळत होतं की ही गाय तांब्यातली आहे. दुधाने वरचं सगळं झाकून टाकलं, आत चित्ता आहे का आणखी कोणी, ते कळणारच नाही. खरं नाही आणि खोटंही नाही. रोहिणीला ज्या दोनांतलं एक हवं होतं, त्यांतलं एकही मी आणलं नव्हतं. त्या तीन दिवसांत तिचे चार फोन आले. मी उचलले नाहीत. ज्यांना नाही म्हणता येत नाही अशी माणसं फोन उचलत नाहीत, हे मला स्वतःवरून समजलं.

चौथ्या दिवशी सकाळची गाडी पकडून गेले आणि सरांना सगळं सांगितलं. दूध, हळद, हातमोजे, सगळं. मला वाटलं होतं ओरडतील. ते हातमोज्यांपाशी थोडे हसले. मग म्हणाले, "दूध चुकून लागू शकतं. काही नाही, हे चुकून लिहिता येत नाही." परत जाऊन आतून नमुना घे म्हणाले, आणि आपल्या कामाला लागले.

तशीच वस्तीवर गेले. रोहिणी ओट्यावर बसली होती, आरू मांडीवर. कुत्र्याची साखळी गोठ्याच्या खांबाला तशीच होती आणि तिच्या टोकाला पट्टा. आदल्या दिवशी दिवेलागणीला बिबट्याने कुत्रं नेलं होतं. आरू तेव्हा ओट्याच्या पायरीवर होती, कुत्र्यापासून चारेक हातांवर. रोहिणी चुलीपुढून उठून आली तेव्हा पोरगी उसाकडे बोट दाखवून कुत्र्याला हाक मारत होती.

रोहिणी माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं की फोन का उचलला नाहीस. मी जे झालं होतं ते सांगितलं. ती म्हणाली, "चार दिवस आधी सांगितलं असतंस, तर मी तशीच उठून गेले असते. मी तुझ्या कागदाची वाट बघत बसले."

आप्पा आतून बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण बोलणं चेअरमनचंच होतं. मी म्हटलं, आप्पा, कुत्रं गेलं. ते म्हणाले, "कुत्र्याच्या गळ्यात नख व्हतं का?"

पोरगी चार हातांवर असून वाचली, हा त्यांना नखाचा पुरावाच मिळाला होता. मी परत नमुना मागितला तेव्हा त्यांनी हात वर केला. मागे दहा मिनिटं उतरवलं, त्याचंच हे झालं, आता पोरीला पाच वर्षं होईस्तोवर उतरणार नाही. मी माझी चूक सांगितली, माफी मागितली. ते म्हणाले, तुमची चूक नाही ताई, पण नख उतरणार नाही.

तेव्हा रोहिणी उठली, घरातून कात्री आणली, आरूला आप्पांच्या समोर उभी केली आणि दोरा कापला. इतकं पटकन की आरूने मानेला हात लावून बघितला.

"आप्पा, मी उतरवलंय," ती म्हणाली. "पाप असलं तर माझ्या डोक्यावर. पोरीजवळ मी हाय."

मला वाटलं आप्पा आता तांब्या मागवतील. पण ते भिंतीला टेकून बसले आणि मला म्हणाले, "घ्या. कोरडंच घ्या."

मी टोपण काढून नखाच्या बुडातून आत ड्रिल घातलं, वरची भुकटी फेकली आणि आतली घेतली. रकान्यात लिहिलं, 'गाईचे दूध, हळद, कुंकू, काळा दोरा, वर्षानुवर्षे लहान मुलांची लाळ'. सरांनी नंतर सांगितलं की इतका भरलेला रकाना त्यांनी पाहिला नव्हता. नख परत गळ्यात बांधलं गेलं, पण नव्या दोऱ्याची गाठ आप्पांनी नाही, रोहिणीने मारली. जाताना ती म्हणाली की या वेळी कागद आला तर दुसऱ्या माणसाला कळायच्या आधी मला कळव. पोरीला तिने त्यानंतर घराबाहेर सोडलंच नाही. दोन आठवडे आरू खिडकीच्या गजांतून गाई बघायची.

दुसरा निकाल आला, म्हैस. त्यात गाय नावालासुद्धा नव्हती. म्हशीचं शिंग कापून, तासून, घासून नखाचा आकार देतात आणि जत्रेत वाघनख म्हणून विकतात, हे सरांना आधीपासून माहीत होतं. आप्पांच्या गोठ्यात तर म्हैस कधीच नव्हती. म्हणजे गाय दुधातली होती आणि म्हैस नखातली. या प्रकल्पात मी मिळवलेलं हे एकमेव स्वच्छ उत्तर आहे, आणि ते चित्त्याबद्दल नाही.

रोहिणीला फोन केला. ती म्हणाली, "तू येऊन सांग. माझ्या तोंडून नको. त्यांना वाटंल मी जिंकले."

मी गेले. दुपारची वेळ होती, आप्पा गोठ्यात कडबाकुट्टी करत होते. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं. रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती. शास्त्राची मर्यादा, शक्यता, अभ्यासाला झालेली मदत. त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, म्हशीचं शिंग आहे."

त्यांनी कडब्याची पेंढी खाली ठेवली. हात झटकले. मग म्हणाले, "मला ठावं हाय."

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी परत सांगायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. सात वर्षांचे असताना नदीवर पोहताना त्यांच्या गळ्यातलं नख पाण्यात गेलं होतं. पाच वर्षांचे झाल्यावर काढायचं, पण हट्टाने घालून ठेवलेलं. दोन दिवस त्यांनी आणि त्यांच्या आईने गाळ चाळला. सापडलं नाही. आईने वडिलांना कळू न देता जत्रेतून दुसरं आणलं, त्याच टोपणात बसवलं आणि पोराला सांगितलं की कोणाला बोलायचं नाही. तो कोणाला बोलला नाही. वडिलांना नाही, बायकोला नाही, मुलाला नाही. नदीत गेलेलं ते पहिलं खरं चित्त्याचं होतं का, तेही आता सांगता येणार नाही, कारण ते भीमेत आहे.

मी विचारलं, मग मला तपासायला दिलंत कशाला?

ते गोठ्याबाहेर बघत होते. "वाटलं, तुमचं मशीन तरी व्हय म्हनंल," ते म्हणाले. "म्हनलं असतं तर टॅक्टरवरनं वाजतगाजत जाऊन जमा केलं असतं. खरं झालं असतं की मग."

मला रडू येईल असं वाटलं. मग भीती वाटली की आता मी पुन्हा काहीतरी गोड बोलेन. म्हणून सरळ विचारलं, जनावर जवळ येत नाही यावर तुमचा विश्वास होता का? ते म्हणाले की नव्हता. कुत्रं गेलं त्या दिवशी तर मुळीच नव्हता. पण पोरगी गेली की वस्तीवर गाई आणि ते. नखाशिवाय तिला थांबवायला त्यांच्याकडे दुसरं काय होतं? थांब म्हणता येत नव्हतं.

हे शेवटचं मला चांगलंच समजलं.

त्यांनी रोहिणीला हाक मारली. आरूला कडेवर घेतलं, नखाचा दोरा तिच्या डोक्यावरून काढला आणि नख आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकलं. दूध नाही, हळद नाही. म्हणाले, "आवरा. परवा नको, उद्याच जावा."

दुसऱ्या दिवशी मीही गेले होते, कारण सामान भरायला माणूस लागतो आणि मी रोहिणीचं चार दिवसांचं देणं लागते असं मला वाटत होतं. टेम्पोत दोन पिशव्या, गॅसची शेगडी, आरूचा पाळणा चढला. आप्पा बाजूला उभे होते. मला म्हणाले, "ताई, रांजणगावला येतो का बिबट्या?"

इतक्या वर्षांच्या सवयीने 'नाही आप्पा, तिथे कंपन्या आहेत' हे माझ्या ओठांवर आलं होतं. रोहिणी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "येतो. मागच्या उन्हाळ्यात कंपन्यांच्या मागे दिसला होता. पण खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि गॅलरीला ग्रिल आहे."

आप्पांनी विचारलं, "ग्रिलचं अंतर किती?"

ते मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. रोहिणीलाही माहीत नव्हतं. आप्पांनी शेजारच्या वस्तीवर फोन करून दोन वेळच्या धारा काढायला सांगितल्या, घरातून टोपी आणली आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. ग्रिल बघून संध्याकाळी परत येतो म्हणाले. आरू त्यांच्या मांडीवर चढली.

मी रिकाम्या ओट्यावर थोडा वेळ बसले आणि मग केडगावला आले. तीन दिवसांनी रोहिणीचा फोन आला, या वेळी मी पहिल्या रिंगला उचलला. ग्रिलच्या एका कोपऱ्यात गज कमी होता. आप्पांनी वेल्डर आणून तो बसवून घेतला होता. मग त्यांना नळ गळताना दिसला होता. मग आरूला खाली बागेत न्यायला कोणी नव्हतं. ती म्हणाली की गाई ओरडत असतील, तू एकदा फोन करून आप्पांना परत जायला सांगतेस का, मला त्यांना जा म्हणवत नाही.

मी म्हटलं, नाही. मला नाही जमणार.